वजन कमी करताना फळे खावीत काय?

वजन उतरविण्यासाठी फळे खावीत की सोडावीत, हा प्रश्न आता केवळ शहरातील सुखवस्तू कुटुंबांपुरता राहिलेला नाही. गावोगावी होणाऱ्या शेतकरी मेळाव्यांतही तो विचारला जाऊ लागला आहे. कोणी म्हणतो, ‘फळांत साखर असते, म्हणून डॉक्टरांनी सांगण्यापूर्वीच मी केळी व आंबा बंद केला.’ दुसरा म्हणतो, ‘फळे कितीही खाल्ली तरी अंगाला लागत नाहीत.’ ही दोन्ही मते अपुरी आहेत. आणि त्यांवर विसंबून वागणाऱ्यांचे नुकसान होते. पहिला मनुष्य आरोग्यास उपकारक असे अन्न टाकून देतो. दुसरा आमरसाच्या चार वाट्या निर्धास्तपणे संपवितो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील दर शंभर स्त्रियांमागे सुमारे २४ व दर शंभर पुरुषांमागे सुमारे २३ जणांचे वजन उंचीच्या मानाने अधिक असल्याचे आढळून आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींच्या घरात गेली आहे. मोट गेली, नांगरटीस ट्रॅक्टर आला, शेतावर पायी जाण्याऐवजी मोटारसायकल आली. शरीरकष्ट कमी झाले. परंतु ताटातील भाकरी, भात, तेल व चहातील साखर त्या प्रमाणात उतरली नाही. तेव्हा हा विषय शेतकरी कुटुंबांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वजनाचा जमाखर्च

शरीर अन्नापासून शक्ती मिळविते. ही शक्ती उष्मांकांत मोजतात. खाल्लेले उष्मांक खर्च झालेल्या उष्मांकांपेक्षा दीर्घ काळ अधिक राहिले, तर शिल्लक शक्ती मेदाच्या रूपाने शरीरात साठते. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक असतात. उलटपक्षी, खर्च जमेपेक्षा अधिक झाला म्हणजे हा साठा हळूहळू वापरला जातो. कोणतेही एक फळ या नियमातून सुटत नाही, तसेच कोणतेही एक फळ आपोआप मेद वितळवीत नाही. ‘अमुक फळाने चरबी जळते’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

मग फळांचे महत्त्व कशात आहे? थोड्या उष्मांकांत पोट भरणारे आणि भूक काही काळ थोपविणारे अन्न या दृष्टीने फळांकडे पाहावयास हवे. वजन उतरविण्याचा प्रयत्न बहुधा भुकेपायी मोडतो. दोन दिवस ताट अर्धे केले आणि तिसऱ्या दिवशी सायंकाळी फरसाणाचा पुडा रिकामा केला, असे वारंवार घडते. भूक भागवून उष्मांक कमी ठेवणे हेच खरे कौशल्य होय.

फळात काय असते

बहुतेक रसाळ फळांत शेकडा ७० ते ९० भाग पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यत्वे नैसर्गिक शर्करा, चोथा (तंतुमय पदार्थ), क्षार व जीवनसत्त्वे असतात. स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, पुष्कळ वर्षे वापरात असलेल्या तक्त्यांवरून खाली काही आकडे दिले आहेत. ते खाण्याजोग्या १०० ग्रॅम भागाचे आहेत. वाण, पक्वता व हंगाम यांनुसार ते कमीअधिक होतात.

पपई – ३२ उष्मांक
मोसंबी – ४३
संत्रे – ४८
पेरू – ५१
डाळिंब – ६५
द्राक्षे – ७१
आंबा – ७४
फणसाचे गरे – ८८
चिकू – ९८
सीताफळ – १०४
केळे – ११६
बेदाणे – ३०८
साखर – ३९८

तळलेल्या शेव-फरसाणाच्या १०० ग्रॅममध्ये ५०० हून अधिक उष्मांक असतात, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. मध्यम आकाराचा एक पेरू खाण्यास पाचसात मिनिटे लागतात, त्याने पोटास आधार मिळतो आणि त्यात साठसत्तर उष्मांक असतात. तेवढेच उष्मांक मूठभर शेवेपेक्षाही कमी शेवेतून मिळतात आणि तिने भूक भागत नाही.

पेरूचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. त्याच्या १०० ग्रॅम गरात ५ ग्रॅमहून अधिक चोथा असतो व ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. बियांसह चावून खाल्ला जाणारा, स्वस्त, आणि हलक्या जमिनीतही येणारा पेरू हे वजन उतरविणाऱ्यास अत्यंत सोयीचे फळ आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात १९९५ साली अनेक अन्नपदार्थ समान उष्मांकांच्या प्रमाणात देऊन, कोणत्या पदार्थाने पोट किती भरल्यासारखे वाटते याची तुलना करण्यात आली. पांढऱ्या पावाचे मान १०० धरले असता संत्र्याचे सुमारे २०२, सफरचंदाचे १९७, द्राक्षांचे १६२, तर केळ्याचे ११८ भरले. म्हणजे सर्व फळे सारखी नाहीत. परंतु या सर्व फळांनी पावापेक्षा अधिक तृप्ती दिली.

अखंड फळ आणि रस

फळाची साखर आणि साखरेच्या डब्यातील साखर या रासायनिकदृष्ट्या फार निराळ्या नाहीत. भेद आहे तो तिच्या वेष्टनाचा. अखंड फळात ही शर्करा पेशींच्या आत, चोथ्याच्या जाळ्यात बंदिस्त असते. फळ चावावे लागते, गिळण्यास वेळ लागतो, आणि शर्करा रक्तात सावकाश उतरते. रस काढला की हे वेष्टन मोडते. गाळल्यावर चोथाही निघून जातो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९७७ साली यासंबंधी एक साधा व बोधप्रद प्रयोग झाला. दहा निरोगी व्यक्तींना सफरचंदे तीन प्रकारे देण्यात आली : अखंड, लगदा करून, आणि रस काढून. तिन्ही प्रकारांत शर्करेचे प्रमाण सारखेच ठेवले होते. अखंड सफरचंदे खाण्यास सरासरी १७ मिनिटे लागली, लगद्यास ६ मिनिटे, आणि रस दीड मिनिटात संपला. अखंड फळाने सर्वांत अधिक व रसाने सर्वांत कमी तृप्ती वाटली. रस घेतल्यावर रक्तातील इन्शुलिन अधिक चढले व त्यानंतर रक्तशर्करा उपाशीपोटीच्या पातळीखाली घसरली. अखंड फळानंतर अशी घसरण झाली नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात २००९ साली याच्याशी जुळणारा निष्कर्ष निघाला. दुपारच्या जेवणापूर्वी अखंड सफरचंद खाल्लेल्यांनी, काहीच न खाल्लेल्यांच्या मानाने, त्या जेवणात सुमारे १५ टक्के कमी उष्मांक घेतले. रसाने असा लाभ झाला नाही. रसात चोथा मिसळून दिला तरीही अखंड फळाची बरोबरी झाली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही हाच विवेक आहे. वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील शर्करा यांस तिने ‘मुक्त शर्करा’ म्हटले असून ती एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहूनही कमी असावी, असे सांगितले आहे. अखंड फळातील शर्करेवर मात्र ही मर्यादा घातलेली नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा : एक मोसंबी सोलून खाणारा मनुष्य बहुधा एका किंवा दोन फळांवर थांबतो. तोच मनुष्य रसाच्या दुकानात तीनचार मोसंब्यांचा रस, वर दोन चमचे साखर घालून, उभ्या उभ्या पिऊन टाकतो. आणि घरी येऊन नेहमीइतकेच जेवतो. नुसते रसाळ म्हणून रसास फळाचा मान देऊ नये. दूध व साखर घालून केलेली पेये, शिकरण, फ्रूट सॅलड व आम्रखंड ही तर पक्वान्ने होत.

सुकविलेली व टिकविलेली फळे

फळातील पाणी काढून टाकले की शर्करा राहते व आकार लहान होतो. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो, हे सांगली-तासगाव भागातील बागायतदारांस सांगावयास नको. म्हणजेच बेदाण्याची एक मूठ ही द्राक्षांच्या मोठ्या वाटीच्या बरोबरीची होय. ती एका क्षणात संपते आणि पोटास समजतही नाही. बेदाणे, खजूर व सुके अंजीर यांत क्षार व चोथा असतो, म्हणून ते त्याज्य नाहीत. परंतु वजन उतरविणाऱ्याने ते मोजून, दहाबारा दाणे किंवा एकदोन नग, इतकेच घ्यावेत.

मुरंबा, जॅम, पाकातील आवळा व आंबावडी यांत फळापेक्षा साखरेचा भाग पुष्कळदा अधिक असतो. केळ्याचे वेफर तर तेलात तळलेले असतात; १०० ग्रॅम वेफरांत ५०० च्या आसपास उष्मांक असतात, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या केळ्याच्या चौपटीहून अधिक.

आंबा, केळे व सीताफळ यांविषयी

सर्वांत अधिक भीती या तिघांची घेतली जाते. मध्यम आकाराच्या एका हापूस आंब्यातून सुमारे १४० ग्रॅम गर मिळतो असे धरले, तर त्यात १०० च्या आसपास उष्मांक होतात. एका मध्यम भाकरीपेक्षा हे अधिक नाहीत. दोष आंब्याकडे क्वचितच असतो. आमरसाच्या दोन वाट्या, त्यात साखर व तूप, सोबत सातआठ पुऱ्या आणि वर दुपारची झोप, या सर्वांचे खापर आंब्यावर फोडले जाते. एक आंबा फोडी करून खावा, त्या जेवणात एक पोळी अथवा भाताची एक मूद कमी करावी. असे केल्यास हंगामभर आंबा सोडण्याचे कारण नाही.

केळ्याचेही तसेच आहे. एक मध्यम केळे सुमारे १०० उष्मांकांचे असते. शेतावर काम करणाऱ्यास न्याहारीनंतर दोन तासांनी ते उत्तम. परंतु बैठे काम करणाऱ्याने पोटभर जेवणावर ‘पचनासाठी’ म्हणून दोन केळी खाल्ली, तर ती जमेच्या बाजूस जाणारच. सीताफळ गोड व घट्ट गराचे असल्याने एक मध्यम फळ पुरे. कलिंगड, पपई, पेरू, संत्रे व जांभूळ यांबाबत एवढी मोजदाद करावी लागत नाही.

फळ कशाच्या ऐवजी खाल्ले?

या सर्व विवेचनाचे मर्म या प्रश्नात आहे. फळ जर दुसऱ्या एखाद्या जड पदार्थाची जागा घेत असेल, तर ते वजन उतरविण्यास साहाय्य करते. नेहमीच्या आहारावर ते केवळ भर म्हणून आले, तर फारसा उपयोग होत नाही; भर मोठी असल्यास वजन वाढूही शकते.

उदाहरणार्थ, दिवसातून पाच कप चहा घेणारा मनुष्य प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेत असेल, तर केवळ साखरेतून सुमारे २०० उष्मांक त्याच्या पोटात जातात. चहा दोन कपांवर आणून सायंकाळी पाच वाजता बिस्किटांऐवजी एक पेरू खाल्ला, तर पोट अधिक भरते आणि उष्मांक निम्म्यावर येतात. याउलट पाच कप चहा व बिस्किटे चालूच ठेवून वर पेरू खाणाऱ्यास गुण दिसणार नाही. आणि मग तो ‘फळांनी काही होत नाही’ असा निष्कर्ष काढील.

उपवासाच्या दिवशी हा भेद स्पष्ट दिसतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ असून त्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट व तूप सढळ हाताने पडते. वर बटाट्याचा तळलेला कीस व गोड शिरा असतो. तोच उपवास फळे, ताक व थोडे शेंगदाणे यांवर केल्यास पोटास विसावा मिळतो व उष्मांकही आटोक्यात राहतात.

फळांमुळे होणारा लाभ मोठा असतो असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील १ लक्ष ३३ हजार स्त्री-पुरुषांची २४ वर्षे नोंद ठेवून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोजच्या आहारात फळाचा एक वाढा वाढविला, त्यांचे वजन दर चार वर्षांत इतरांच्या मानाने सुमारे पाव किलोने कमी राहिले. हा फरक लहान आहे. शिवाय अशा नोंदींवरून फळांमुळेच तो पडला असे निर्विवाद सिद्ध होत नाही. परंतु फळे खाणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक वाढले नाही, एवढे त्यातून दिसते. आणि फळांच्या भीतीचे निरसन होण्यास तेवढे पुरेसे आहे.

किती व केव्हा

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २,००० उष्मांकांच्या आहारात दररोज १०० ग्रॅम फळे व ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांत फळांचा वापर एवढाही नसतो. वजन उतरविणाऱ्याने रोज एक किंवा दोन मध्यम फळे निःशंकपणे घ्यावीत. साल खाण्याजोगी असेल तर सालीसह खावे.

वेळेचे फार बंधन नाही. रात्री फळ खाल्ल्याने त्याचा मेद होतो, अथवा जेवणासोबत खाल्ल्याने ते पोटात कुजते, या समजुतींना आधार नाही. तथापि जेवणापूर्वी पावएक तास किंवा सायंकाळच्या भुकेच्या वेळी फळ खाल्ल्यास पुढील जेवण आपोआप बेताचे होते, म्हणून या दोन वेळा सोयीच्या होत.

केवळ फळांवर आठवडाच्या आठवडा राहण्याची जी टूम निघाली आहे, ती मात्र अहितकारक आहे. फळांत प्रथिने फार थोडी असतात. अशा आहाराने वजन घटले तरी त्यात स्नायूंचा भाग बराच असतो. अशक्तपणा येतो व नेहमीचा आहार सुरू करताच वजन परत येते. डाळी, उसळी, दूध, ताक, आणि चालत असल्यास अंडी व मासे यांची जागा फळांनी घेऊ नये. तसेच ज्यांचे वजन मुळातच कमी आहे, गर्भवती स्त्रिया व वाढीची मुले यांनी वजन उतरविण्याच्या भरीस पडू नये. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर मात्र तो धोक्याचा इशारा समजावा.

मधुमेही व इतर रुग्ण

मधुमेह झाला म्हणजे सर्व फळे बंद, असा समज सर्वत्र आहे. अमेरिकेतीलच सुमारे १ लक्ष ८७ हजार व्यक्तींच्या नोंदींवरून २०१३ साली असे दिसून आले की, सफरचंद, द्राक्षे यांसारखी अखंड फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी, तर फळांचा रस नियमितपणे पिणाऱ्यांत ते अधिक होते. ज्यांस मधुमेह झालेला आहे त्यांनी पेरू, पपई, संत्रे, जांभूळ अशी फळे एका वेळी लहान वाटीभर घ्यावीत, रस टाळावा, आणि आपल्या औषधांच्या मात्रेनुसार डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळी, संत्री इत्यादी फळे डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत. कारण त्यांतील पोटॅशियम अशा रुग्णांस बाधक ठरू शकते.

बागायतदाराच्या घरातील फळ

महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाल्यापासून फळझाडांखालील क्षेत्र पुष्कळ वाढले. नागपूरचे संत्रे, जालन्याची मोसंबी, जळगावचे केळे, सोलापूरचे डाळिंब व नाशिकचे द्राक्ष देशभर जाते. परंतु बाग असलेल्या घरांतही एक विसंगती आढळते. प्रतवारी करून उत्तम फळ पेटीत जाते, डागी फळ व्यापाऱ्यास किंवा रसवाल्यास जाते, आणि त्याच पैशातून बाजाराच्या दिवशी मुलांसाठी बिस्किटे व वेफर येतात. वस्तुतः आकाराने लहान किंवा सालीवर डाग पडलेले, पण आतून चांगले असलेले फळ पोषणात मुळीच उणे नसते. सडके किंवा बुरशी आलेले फळ मात्र फेकून द्यावे. प्रत्येक तोडणीतून घरासाठी एक पाटी काढून ठेवण्याचा परिपाठ ठेवावा. फवारणीनंतर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस लोटल्यावाचून फळ तोडू नये व खाण्यापूर्वी ते वाहत्या पाण्यात चोळून धुवावे.

ज्यांची बाग नाही, त्यांनी परसात व बांधावर फळझाडे लावावीत. सांडपाण्यावर दोनतीन पपया व केळीचे चार खुंट, अंगणात पेरूचे एक कलम व लिंबाचे एक झाड, बांधावर सीताफळ, आवळा, बोर व जांभूळ, एवढ्याने वर्षाचे बहुतेक महिने घरात काही ना काही फळ राहते. हिवाळ्यात बोरे, आवळे व पेरू. उन्हाळ्यात आंबा व करवंदे. पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळे. आणि पपई व केळी जवळजवळ बारमाही. पपई वर्षाच्या आत फळ देऊ लागते, पेरूचे कलम दोनतीन वर्षांत. हे फळ विकत आणावे लागत नाही, म्हणून घरातील स्त्रियांच्या व मुलांच्या वाट्यास ते येण्याचा संभव अधिक असतो.

सारांश

१. अखंड फळे बेताने खाल्ल्यास वजन उतरविण्यास अडथळा होत नाही. जड पदार्थांच्या ऐवजी खाल्ल्यास साहाय्यच होते.

२. रस, साखर घातलेली फळपेये, मुरंबे व तळलेले वेफर यांस फळे समजू नये. बेदाणे व खजूर मोजून घ्यावेत.

३. रोज एक किंवा दोन मध्यम फळे, शक्यतो हंगामातील व स्थानिक, घ्यावीत. आंबा, केळे, सीताफळ घेतल्यास त्या जेवणातील पोळी किंवा भात थोडा कमी करावा.

४. चहातील साखर, बिस्किटे व फरसाण प्रथम कमी करावे.

५. केवळ फळांवर राहू नये. मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

फळांचा खप वाढावा एवढ्यासाठी त्यांचे अवास्तव गुण गाणे कृषी खात्याच्या कार्यकर्त्यास शोभणार नाही, आणि साखरेच्या भीतीने पेरू व पपई ताटातून उठविणेही शहाणपणाचे नाही. येत्या हंगामात प्रत्येक शेतकरी कुटुंबाने बागेतील पहिली पाटी बाजाराच्या गाडीत चढविण्यापूर्वी तिच्यातील घरापुरती फळे बाजूस काढावीत आणि सायंकाळच्या बिस्किटांच्या जागी ती मुलाबाळांसमोर ठेवावीत.